हीटर तपासायचाय? मग गाडी थंड राहू द्या

दिवाळी सरली की निफाड-सिन्नर भागातल्या टिपर आणि ट्रकवाल्यांची एकच तक्रार सुरू होते: सकाळी चार-पाच वेळा सेल्फ मारावा लागतो, पांढरा धूर निघतो, कच्च्या डिझेलचा वास येतो, तेवढा हीटर बघा. बघतो की. पण गाडी दारात येते भर दुपारी, तीस-चाळीस किलोमीटर पळून तापलेली.

इथेच सगळा वेळ जातो. इनटेक हीटर म्हणजे मॅनिफोल्डच्या तोंडाशी बसवलेली जाळी, आत जाणारी हवा तापवणारी. इंजिन थंड असेल तरच ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कंट्रोल कॉम्प्युटर, रिलेमार्फत (करंट चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) तिला करंट सोडतो. गरम इंजिनावर ती चालूच होत नाही, मग चांगली की गेलेली हे ठरवायचं कशावरून? म्हणून आम्ही गाडी रात्रभर ठेवून घेतो. "एका रिलेसाठी मुक्काम?" असं ऐकवणारे आहेत. मुक्कामाचे पैसे आम्ही लावत नाही. तपासणीचे घेतो, आणि काम इथेच केलंत तर तेही बिलातून वजा होतात.

काही जण जाळीच खोलून पिशवीत घालून आणतात. २४ व्होल्टवर २ किलोवॉटची जाळी ८३ अँपिअरच्या आसपास ओढते, म्हणजे रेझिस्टन्स जेमतेम ०.२९ ओहम. साध्या मीटरच्या वायरीच तेवढा दाखवतात. जाळी पार तुटली असेल तर टेबलावर कळेल, बाकी रिले, फ्यूज, केबल, अर्थ सगळं गाडीवरच राहिलेलं असतं.

गेल्या जानेवारीत एक टिपर नवी जाळी बसवून आला, तक्रार तीच. केबलच्या थिंबलवरचा (टोकाच्या धातूच्या कडीवरचा) नट सैल होता, खालचं इन्सुलेशन वितळून काळं पडलेलं. थिंबल घासून नट आवळला, गाडी पहिल्या सेल्फला उचलली. जुनी जाळी मालकाने भंगारात दिली होती.

घरी एवढं करून बघा. पहाटे बॅटरीवर मीटर लावा, चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. रिलेचा 'टक्' आवाज येऊन व्होल्टेज झटकन खाली आलं, तर जाळीत करंट जातोय. दोष बॅटरीत, नोझलमध्ये किंवा कॉम्प्रेशनमध्ये शोधावा लागेल. 'टक्' आला पण काटा हलला नाही, तर रिलेचे पॉइंट, फ्यूज, केबल किंवा जाळी. आवाजच नाही, तर रिलेची बारीक वायर किंवा तापमानाचा सेन्सर. नुसत्या आवाजावर मात्र विसंबू नका, जळालेल्या पॉइंटचा रिलेही टक् करतो.

गाडी सुरू झाल्यावरही हीटर काही वेळ चालू-बंद होतो, तेव्हा दिवे मंद-तेज होतात. त्यासाठी अल्टरनेटर बदलू नका.

आणि हीटरच्या गाडीत स्टार्टिंग स्प्रे अजिबात नको. लाल झालेल्या जाळीवर स्प्रेतलं ईथर गेलं की मॅनिफोल्डमध्येच भडका उडतो.

गाडी संध्याकाळी सातपर्यंत लावून जा. पहाटे सहाला ड्रायव्हर हजर असेल तर उत्तम, मीटर त्याच्यासमोरच लावतो. चहा आमच्याकडून.