नव्या वसाहतींसाठी पाणी आणि गटारांचा पैसा : नागरी पायाभूत सुविधा विकास निधीचा प्रस्ताव कसा जातो

गावाच्या कडेला एनए प्लॉट पडतात, अपार्टमेंट उभी राहतात, पण पाण्याची मुख्य लाइन जुन्या हद्दीतच थांबलेली असते. उन्हाळ्यात सोसायटीचा निम्मा मेंटेनन्स टँकरवर जातो आणि पावसाळ्यात सेप्टिक टँक रस्त्यावर वाहतात. घरपट्टी-पाणीपट्टीच्या वसुलीतून एवढी मोठी कामं कुठल्याच नगरपरिषदेला झेपत नाहीत. मध्यम आणि लहान शहरांची ही अडचण लक्षात घेऊन केंद्राच्या २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात नागरी पायाभूत सुविधा विकास निधी, म्हणजेच यूआयडीएफ, जाहीर झाला. वर्षाला सुमारे १०,००० कोटी रुपये उपलब्ध व्हावेत अशी अपेक्षा त्यात मांडली होती. प्राधान्य क्षेत्राला (शेती, लघुउद्योग वगैरे) ठरल्याइतकं कर्ज न दिलेल्या बँकांच्या तुटीच्या रकमेतून हा निधी उभा राहतो आणि राष्ट्रीय गृहनिर्माण बँक तो सांभाळते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असू द्या. हे अनुदान नाही, कर्ज आहे, आणि ते राज्य सरकारला मिळतं. बिल्डर, सोसायटी किंवा प्लॉटधारक यांना थेट अर्ज करता येत नाही. नागरिकांचं काम नगरपरिषदेला वेळेत प्रस्ताव करायला लावणं हे आहे, आणि ते काम लहान नाही.

पात्र शहरं आणि कामं

१ लाख ते १० लाखांच्या आतली लोकसंख्या असलेली शहरं दुसऱ्या श्रेणीत येतात, तर ५० हजार ते १ लाखांच्या आतली तिसऱ्या. देशात अशी अनुक्रमे ४५९ आणि ५८० शहरं धरली आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्याकडची लातूर, धुळे, जळगाव दुसऱ्या श्रेणीत बसतात. पंढरपूर, संगमनेर, बारामती, चिपळूण तिसऱ्या. त्याहून लहान गावांनी पाणीपुरवठ्यासाठी केंद्राच्या अमृत २.० योजनेचा किंवा राज्याच्या नगरोत्थान महाअभियानाचा मार्ग पाहावा.

पाणीपुरवठा, भुयारी गटार, पावसाळी गटार, स्वच्छता आणि घनकचरा व्यवस्थापन ही मुख्य कामं. घरबांधणी, वीज, दूरसंचार, बस-ट्राम, दवाखाने आणि शाळा या निधीत बसत नाहीत. देखभाल-दुरुस्ती आणि कार्यालयीन खर्चही नाही. प्रकल्प किमान ५ कोटींचा (ईशान्येकडच्या आणि डोंगरी राज्यांत १ कोटीचा) आणि कमाल १०० कोटींचा हवा.

व्याज रिझर्व्ह बँकेच्या 'बँक दरा'पेक्षा दीड टक्का कमी असतं. परतफेड सात वर्षांत करायची. त्यातली पहिली दोन वर्षं मुद्दल फेडावं लागत नाही, मग त्याचे पाच समान वार्षिक हप्ते. व्याज मात्र दर तिमाहीला भरावं लागतं.

प्रस्ताव कुठे अडतो

सगळा जीव सविस्तर प्रकल्प अहवालात, म्हणजे डीपीआरमध्ये असतो. हजार फ्लॅटची नवी वसाहत घ्या. घरटी पाच माणसं आणि माणशी रोज १३५ लिटर या मानकानं ६ लाख ७५ हजार लिटर पाणी रोज लागेल. त्यातलं सुमारे ८० टक्के, म्हणजे ५ लाख ४० हजार लिटर, सांडपाणी होऊन बाहेर पडेल. एवढं पाणी कुठल्या जलकुंभातून येणार, सांडपाणी उतारानं जाणार की पंपिंग लागणार, शुद्धीकरण केंद्राची क्षमता पुरेल का, या प्रश्नांची उत्तरं आकड्यांनिशी नसतील तर फाइल परत येते. आजची लोकसंख्या धरून केलेला अहवाल तर घेऊच नये. मंजूर झालेल्या ले-आउटची आणि बांधकाम परवान्यांची यादी नगररचना विभागाकडेच असते, ती जोडायला सांगा.

कागदपत्रांमध्ये साधारण हे लागतं : सर्वसाधारण सभेचा ठराव (प्रशासक असतील तर प्रशासकीय ठराव), डीपीआर व अंदाजपत्रक, विकास आराखड्याचा संबंधित नकाशा, जलकुंभ आणि शुद्धीकरण केंद्राच्या जागेचा सातबारा किंवा मिळकतपत्रिका, जागा ताब्यात असल्याचा पुरावा, पाण्याच्या स्रोताचं आरक्षण, आणि लाइन रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग किंवा वनजमिनीतून जात असेल तर त्या-त्या खात्याची परवानगी. माझ्या मते जागेचा प्रश्न ठरावाआधीच सोडवावा. ताब्यात नसलेल्या जागेवर टाकी दाखवली की पुढची सगळी मंजुरी लटकते.

आपल्याकडे पाणी आणि मलनिस्सारणाच्या मोठ्या योजनांना महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची तांत्रिक मंजुरी घेतात, त्यानंतर नगरविकास विभागाची प्रशासकीय मान्यता. मग राज्य सरकार प्रस्ताव राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेकडे पाठवतं. प्रत्येक राज्याला ठरावीक वाटा असतो, त्यामुळे शहरांना आपसांतच नंबर लावावा लागतो. ज्यांचे कागद पूर्ण, त्यांची फाइल पुढे.

कर्ज घेताना राज्यांनी १५ व्या वित्त आयोगाचं अनुदान आणि चालू योजनांचा पैसा जोडीला वापरावा आणि योग्य वापरशुल्क लावावं, असं अर्थसंकल्पातच म्हटलं आहे. म्हणजे पाणीपट्टी वाढण्याची शक्यता आहे, आणि ती किती हे ठराव होतानाच विचारलं पाहिजे. सभेचा ठराव, डीपीआरची प्रत आणि तांत्रिक मंजुरीचं पत्र माहिती अधिकारात मागता येतं. अर्ज नगरपरिषदेच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे, १० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह द्यावा. ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.