पादचाऱ्याचे अवधान (कोकण किनारपट्टी)

रस्त्याच्या कडेने चालताना किंवा रस्ता ओलांडताना येणारे वाहन, त्याचा वेग व अंतर यांवर असलेले चालणाऱ्याचे लक्ष. मोबाइल, इयरफोन, छत्री व डोक्यावरचे ओझे ही ते ढळण्याची नेहमीची कारणे. प्रस्तुत नोंद राष्ट्रीय महामार्ग ६६ (पूर्वीचा १७) व त्याला मिळणारे गावरस्ते यांपुरती आहे.

नजर वाहनावर असूनही ते न जाणवणे याला ‘अनवधानजन्य अंधत्व’ म्हणतात. ही संज्ञा एरियन मॅक व अर्विन रॉक यांनी १९९० च्या दशकात रूढ केली; मात्र तसाच परिणाम उल्रिक नायसर यांच्या १९७० च्या दशकातील प्रयोगांत आढळला होता, त्यामुळे श्रेय विभागून देणे योग्य. दोष हातातील यंत्राचा की संभाषणाचा, हा वाद अधिक महत्त्वाचा. अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या आवारात केलेल्या व २०१० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या पाहणीत एकचाकी सायकलवरचा विदूषक फोनवर बोलत जाणाऱ्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्शालाच दिसला. जोडीने चालणाऱ्यांत मात्र दहांपैकी सुमारे सात जणांना. सोबत्याला रस्ता दिसतो, गाडी आली की तो बोलणे तोडतो. फोनवरच्या माणसाला ते शक्य नाही. त्यामुळे संभाषणाला दोष देणारे मत अधिक ग्राह्य वाटते. मेसेज वाचताना मात्र नजरच खाली जाते, तेथे वादाला जागा नाही.

दुपदरी रस्त्याची डांबरी रुंदी साधारण ७ मी. असते. सेकंदाला १·२ मी. या चालीने तो ओलांडायला जवळजवळ ६ सेकंद लागतात. तेवढ्यात ताशी ८० किमी. वेगाची गाडी सुमारे १३० मी. पुढे येते. घाटातील वळणावर एवढा रस्ता दिसतच नाही, म्हणून तेथे डोळ्याआधी कान उपयोगी पडतो आणि इयरफोन महागात जातो. पदपथ नसेल तर उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चालावे. उजवीकडे वळणाऱ्या आंधळ्या वळणावर मात्र हीच कड डोंगराआड लपते. वळणाच्या बरेच आधी पलीकडे जावे व वळण संपल्यावर परत यावे. चौपदरी रस्ता दोन टप्प्यांत ओलांडावा. दुभाजकाशी थांबून मान दुसऱ्या बाजूला वळवायची असते. जुन्या दुपदरी रस्त्याच्या सवयीने ती पहिल्याच बाजूला राहते.

पावसाळ्यात साइडपट्टीवर गवत माजते, गटार दिसेनासे होते आणि चालणारा आपसूक डांबरावर येतो. वारा बहुधा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येत असल्याने दक्षिणेकडे जाणाऱ्याची छत्री पुढे कलते व उजव्या कडेने समोरून येणारी गाडीच झाकते. उत्तरेकडे जाणाऱ्याला ही अडचण सहसा येत नाही. शिवाय कापडावरच्या सरींच्या आवाजात इंजिन ऐकू येत नाही. वळणापाशी आणि ओलांडण्यापूर्वी छत्री डोक्यामागे न्यावी, भिजले तरी चालेल. इरल्याने पाठ झाकते, समोर मोकळे राहते. पण त्याच्या कडा बाजूची नजर अडवतात, म्हणून नुसती मान न वळवता कमरेतून वळून पाहावे लागते.