एरिख क्यूनहाकल: जर्मन आइस हॉकीतील न मोडता येणाऱ्या विक्रमाची पार्श्वभूमी

जर्मन आइस हॉकीचा विषय निघाला की आजची पिढी लेऑन ड्रायसाइटलचे नाव घेते, आणि ते योग्यच आहे. मात्र २००० साली जर्मनीचा विसाव्या शतकातील सर्वोत्तम आइस हॉकीपटू निवडण्यात आला, तेव्हा तो मान एरिख क्यूनहाकल यांना मिळाला. त्यामागची कारणे समजून घेण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

क्यूनहाकल यांचा जन्म १७ ऑक्टोबर १९५० रोजी तत्कालीन चेकोस्लोव्हाकियातील सोकोलोव्हजवळच्या त्सितित्से या गावी झाला. १९६८ साली ते पश्चिम जर्मनीत आले आणि बव्हेरियातील लांड्सहूट हे त्यांचे गाव झाले. दोनच वर्षांनी, १९७० मध्ये, त्यांच्या लांड्सहूट संघाने राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. उंची १.९६ मीटर, त्यामुळे चाहते त्यांना कौतुकाने ‘स्केटवरचे कपाट’ म्हणत. परंतु एवढ्या धिप्पाड देहाचा हा आघाडीपटू केवळ ताकदीवर खेळला असे समजणे चूक ठरेल. त्यांच्या खात्यावर जवळजवळ जेवढे गोल आहेत, तेवढेच सहकाऱ्यांना करून दिलेले गोलही आहेत.

कारकिर्दीतील सर्वांत हृद्य प्रसंग १९७६ च्या इन्सब्रुक ऑलिम्पिकमधला. शेवटच्या सामन्यात पश्चिम जर्मनीने अमेरिकेला ४–१ असे हरवले, तरीही जर्मनी, फिनलंड आणि अमेरिका या तिघांचे गुण समान राहिले. मग या तिघांच्या आपसांतील सामन्यांत केलेल्या गोलांना स्वीकारलेल्या गोलांनी भागण्यात आले. जर्मनीचे ७ विरुद्ध ६, फिनलंडचे ९ विरुद्ध ८ आणि अमेरिकेचे ६ विरुद्ध ८. भागाकार अनुक्रमे १.१६७, १.१२५ आणि ०.७५० आला, आणि कांस्यपदक जर्मनीकडे गेले. सामना संपला तेव्हा आपण पदक जिंकले आहे, हे खेळाडूंना उमगलेही नव्हते! त्याच वर्षी क्यूनहाकल कोलोनच्या संघात गेले आणि १९७७ व १९७९ मध्ये तिथेही विजेते ठरले. पुढे लांड्सहूटला परतून त्यांनी १९८३ चे विजेतेपद मिळवले.

१९७९–८० च्या हंगामात त्यांनी ४८ सामन्यांत ८३ गोल आणि ७२ साहाय्य (सहकाऱ्यांना करून दिलेले गोल) मिळून १५५ गुण नोंदवले. १९८४ च्या सारायेव्हो ऑलिम्पिकमध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, सोव्हिएत आणि चेकोस्लोव्हाक दिग्गजांना मागे टाकून १४ गुणांसह ते स्पर्धेत सर्वाधिक गुण मिळवणारे खेळाडू ठरले. माझ्या मते त्यांच्या थोरवीचा सर्वांत भक्कम पुरावा हाच आहे, कारण देशांतर्गत लीगमधील आकड्यांवर ‘प्रतिस्पर्धी दुबळे होते’ असा आक्षेप घेता येतो, तो इथे टिकत नाही.

१९८९ मध्ये ते निवृत्त झाले, तेव्हा बुंडेसलीगात, म्हणजे जर्मनीच्या तेव्हाच्या अव्वल आइस हॉकी लीगमध्ये, त्यांच्या नावावर ७२४ गोल होते. १९९४ साली ही लीगच बंद करून तिच्या जागी नवी व्यावसायिक लीग आणली गेली, त्यामुळे तो विक्रम आता कोणाला मोडताच येणार नाही. १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने त्यांना आपल्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान दिले. हा सन्मान मिळालेल्या पहिल्या खेळाडूंपैकी ते एक होत. उत्तर अमेरिकेच्या एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये ते स्वतः कधीच खेळले नाहीत, पण त्यांचा मुलगा टॉम याने पिट्सबर्ग पेंग्विन्सकडून २०१६ आणि २०१७ असा सलग दोनदा स्टॅन्ली कप, म्हणजे त्या लीगचे विजेतेपद, जिंकला.