खाजन वाचवायचं तर बांधासकट

गोव्यातल्या मांडवी आणि जुवारी या नद्या समुद्राजवळ आल्या की त्यांचं पाणी दिवसातून दोनदा खारं होऊन मागे चढतं. चोडण, दिवाडी ही बेटं आणि एकूणच तिसवाडी, बारदेस, साष्टी या तालुक्यांतल्या कितीतरी भातशेतांची पातळी त्या भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. तरीही तिथे शतकानुशतकं भात पिकतो. तिकडे या जमिनीला खाजन म्हणतात. क्षेत्र सुमारे १८ हजार हेक्टर; त्यातलं बरंच आता पडीक.

हे जमतं कसं? नदी आणि शेत यांच्यामध्ये चिखल, पेंढा आणि चिरे रचून केलेला बांध असतो, आणि बांधात मानस. मानस म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच झडपा मिटतात. ओहोटीला नदी उतरते, आतलं पाणी वरचढ ठरतं आणि तेच झडपा ढकलून बाहेर पडतं. ना पंप, ना वीज. बांधाच्या नदीकडच्या अंगाला खारफुटी असते, ती लाटांचा मार सोसते.

मीठ मात्र जमिनीत मुरलेलं असतंच. खाऱ्या मातीतलं पाणी मुळांना ओढून घेता येत नाही, त्यामुळे ओल असूनही रोप तहानलेलं राहतं. त्यात सोडियममुळे मातीचे कण सुटे होतात, माती घट्ट बसते आणि तिचा निचरा बिघडतो. यावर उपाय पावसाचाच. जूनच्या सरी वरच्या थरातलं मीठ विरघळवतात आणि ते पाणी ओहोटीबरोबर मानशीतून निघून जातं. मागे उरलेला खारेपणा कोरगुटासारखा स्थानिक भात सहन करतो. म्हणजे पीक फक्त बियाण्यावर नाही, मानशीचं दार वेळेवर उघडतं-मिटतं की नाही यावर ठरतं.

आता नियोजनाकडे येऊ. गोव्याचा नगरनियोजन कायदा १९७४ चा. २०११ सालापर्यंतचं नियोजन मांडणाऱ्या ‘प्रादेशिक आराखडा २०११’ मध्ये हिरव्या जमिनींवर बांधकामाचे रंग चढलेले दिसले तेव्हा लोक रस्त्यावर उतरले आणि २००७ मध्ये तो आराखडा मागे घ्यावा लागला. नंतरच्या आराखडा २०२१ ने खाजनं आणि भातशेतं सर्वाधिक संरक्षणाच्या गटात टाकली. किनारी नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेतही गोव्यासाठी स्वतंत्र कलम आहे: खाजनांचे नकाशे करा, व्यवस्थापन आराखडा करा, तिथे विकासकामं नकोत. कागद भक्कम आहे. पण दारंही ठेवली गेली. आराखड्यातल्या ‘चुका सुधारण्या’साठी नगरनियोजन कायद्यात २०२३ मध्ये आलेल्या १७(२) कलमाखाली एकेका सर्व्हे नंबरचं क्षेत्र, म्हणजे जमीनवापराचा झोन, बदलू लागलं, त्याचे नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. त्याआधीच, २०२४ मध्ये, क्षेत्रबदलासाठी ३९ अ हे आणखी एक कलम आलं होतं.

एकेक सर्व्हे नंबर, हीच खरी गोम आहे. नकाशात खाजन म्हणजे शेजारी शेजारी असलेले तुकडे. प्रत्यक्षात एका मानशीवर निचरा होणारी सगळी शेतं मिळून एकच यंत्र असतं. मधल्या एका तुकड्यात मातीचा भराव पडला किंवा पुरेशा मोऱ्या न ठेवता आडवा रस्ता गेला, की पाणी शेजाऱ्याच्या शेतात तुंबतं. त्याच्या शेताचा रंग नकाशात हिरवाच असतो, भात मात्र कुजतो. दोन-तीन वर्षांत तो पेरणं सोडतो, आणि मग ‘ही तर पडीक जमीन’ असा अर्ज करायला मोकळीक मिळते.

नुसत्या मनाईने हे थांबत नाही, कारण वर बांधकाम न होताही खाजन मरतं. पूर्वी बांधाची डागडुजी गावकारी, म्हणजे कोमुनिदाद ही गावाची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था, पाहत असे. कूळकायद्यानंतर ती जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली. पैसा आणि माणसं मात्र त्या प्रमाणात आली नाहीत. खेकड्यांची बिळं वेळीच बुजवली नाहीत तर बांधाला खिंडार पडतं. खारं पाणी आत आलं की काही वर्षांत शेतातच खारफुटी उगवते, आणि खारफुटी तोडायला कायद्याची मनाई! ज्या झाडाने बांध राखायचा, तेच शेतात रुजलं की शेतकरी दोन नियमांच्या कात्रीत सापडतो. दोन्ही नियम निसर्गासाठीच केलेले आहेत, हे विशेष.

म्हणून माझ्या मते आराखड्यात संरक्षणाचं एकक मानस धरलं पाहिजे. तिच्या पाणलोटातल्या कुठल्याही भरावाला परवानगी देण्याआधी निचऱ्याचा हिशेब मागावा. आणि मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होतो त्याकडेही बघावं. जास्त सुंगटं, म्हणजे कोळंबी, मिळावीत म्हणून दार भरतीला उघडं ठेवलं जातं, अशी शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. लिलावाच्या अटींत दाराचं वेळापत्रक घालावं, ते कुळांनी ठरवावं, आणि लिलावाच्या रकमेतला ठरलेला वाटा पावसाळ्याआधी बांधावर खर्च व्हावा.