विरलीकरणाची शाब्दिक उदाहरणे

द्रावणात द्रावक (पाण्यासारखा विरघळवणारा द्रव) मिळवून त्याची संहती (विरघळलेल्या पदार्थाचे, म्हणजे द्राव्याचे, प्रमाण) ठरावीक प्रमाणापर्यंत उतरवायची असता किती द्रावक लागेल, हे समीकरणाने काढण्याचा उदाहरणप्रकार. मिश्रणगणिताचा हा एक भाग होय. नुसते पाणी घातल्याने द्राव्याची राशी बदलत नाही, या एका विधानावर सारी मांडणी उभी असते. ३० टक्के आम्लाचे १२ लिटर द्रावण २० टक्क्यांवर आणायचे असल्यास ३.६ = ०.२(१२ + क्ष), म्हणून क्ष = ६ लिटर. पाण्याऐवजी ५ टक्क्यांचे द्रावण मिळवले, तर डाव्या बाजूस ०.०५क्ष वाढते व उत्तर ८ लिटर येते.

टक्के वजनाचे की आकारमानाचे, हे पुष्कळ उदाहरणांत सांगितलेले नसते. आकारमानांची सरळ बेरीज होते असेही गृहीत धरलेले असते. वस्तुतः ५० मिली अल्कोहोल व ५० मिली पाणी मिळून सुमारे ९६ ते ९७ मिलीच भरतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील रासायनिक कारखान्यांत वापरात असलेल्या सल्फ्युरिक आम्लाबाबत हा भेद ठळक होतो. ९८ टक्के (वजनी) आम्लाची घनता सुमारे १.८४ किलो प्रति लिटर असते. १०० किलो आम्लात १०० किलो पाणी हा हिशेब धरला, तर ४९ टक्क्यांचे द्रावण मिळते. तेच लिटरला लिटर घेतले, तर संहती सुमारे ६३.५ टक्के राहते. म्हणून वजनावर मांडलेले समीकरणच विश्वसनीय मानावे. (प्रत्यक्षात आम्ल हळूहळू पाण्यात सोडतात, उलट कधीच नाही. समीकरणाला मात्र हा क्रम दिसत नाही.)

या गणिताचे भारतीय मूळ पाण्यात नसून सोन्यात आहे. निरनिराळ्या कसाचे सोने एकत्र आटवले असता येणारा कस काढण्याची रीत भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (सु. ११५०) मिश्रकव्यवहार या प्रकरणात येते. तेथील उदाहरणात १३, १२, ११ व १० वर्णांचे (वर्ण म्हणजे कसाचे माप) अनुक्रमे १०, ४, २ व ४ माष (वजनाचे जुने माप) सोने घेतले आहे. गुणाकारांची बेरीज २४०, एकूण वजन २०, म्हणून वर्ण १२. तेच सोने शुद्ध करून १६ माष उरले तर वर्ण १५ होतो. येथे हीण जळून वजन घटते, सोने मात्र तेवढेच राहते. म्हणजे हे विरलीकरणाचे उलटे रूप. महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रहा’तही (सु. ८५०) सुवर्णगणित आहे.

याआधीचा दुवा वादग्रस्त आहे. १८८१ मध्ये पेशावरजवळ सापडलेल्या बखशाली हस्तलिखितात सोन्याच्या हिणाची उदाहरणे आढळतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कार्बन कालमापनात त्यातील ३ भूर्जपत्रांचे काळ परस्परांपासून काही शतके दूर आले व सर्वांत जुने पत्र तिसऱ्या-चौथ्या शतकातील ठरवण्यात आले. ग्रंथ एकसंध दिसत असल्याने सर्वांत उशिराच्या पत्राचा काळच ग्राह्य धरावा, असा आक्षेप गणितेतिहासकारांनी घेतला. जपानी गणितेतिहासकार हायाशी यांनी भाषा व लिपीवरून सुचवलेला आठवे ते बारावे शतक हा काळ अधिक सयुक्तिक वाटतो. यूरोपात इटालियन गणिती फिबोनाचीच्या १२०२ मधील ग्रंथात नाण्यांच्या मिश्रधातूंची अशीच गणिते आहेत. दोन्ही परंपरा स्वतंत्रपणे वाढल्या असणे शक्य आहे.

ठाणे व नवी मुंबईतील स्पर्धा परीक्षांच्या वर्गांत समीकरणाऐवजी ‘अ‍ॅलिगेशन’ची तिरकी मांडणी अधिक चालते. वरील उदाहरणात ३० व ५ यांच्यामध्ये २० लिहून तिरक्या वजाबाक्या केल्या, की १५ : १० म्हणजे ३ : २ हे गुणोत्तर मिळते व १२ लिटरमागे ८ लिटर येतात. वेळ वाचतो खरा, पण काढून-भरण्याच्या उदाहरणात ही मांडणी दर फेरीला नव्याने करावी लागते. ४० लिटरच्या कॅनमधून ४ लिटर दूध काढून तेवढेच पाणी घालण्याची क्रिया ३ वेळा केली, तर दर वेळी नऊ-दशांश दूध मागे राहते; अखेरचे दूध ४० × (०.९)³ = २९.१६ लिटर.