ले दाम द्यु ब्वा द बुलोन्य : शेवट आणि अर्थ

रोबेर ब्रेसाँ दिग्दर्शित फ्रेंच चित्रपट (१९४५). अठराव्या शतकातील फ्रेंच लेखक दनी दीद्रोच्या झाक ल फातालिस्त या तत्त्वचिंतनपर कथेतील एका उपकथेवर तो आधारलेला असून संवाद झाँ कॉक्तोचे आहेत. चित्रीकरण १९४४ मध्ये, पॅरिसवरील जर्मन अंमलाच्या अखेरच्या काळात सुरू झाले. प्रदर्शनानंतर चित्रपट चालला नाही. त्याचा लौकिक पुढे वाढला.

एलेनला (मारिया काझारेस) प्रियकर झाँचे (पॉल बेर्नार) मन विटल्याचा संशय येतो. स्वतःचेच प्रेम ओसरल्याचे नाटक करून ती त्याच्याकडून कबुली काढून घेते आणि सूडाला लागते. आन्येस (एलिना लाबूर्देत) ही कॅबरेत नाचणारी मुलगी. हलाखीमुळे तिच्या घरी पुरुषांची ये-जा असते. एलेन मायलेकींचे कर्ज फेडते, त्यांना एकांतात ठेवते, बुलोन्यच्या वनात झाँशी ‘योगायोगाने’ गाठ घालून देते. तो आन्येसच्या प्रेमात पडतो. लग्न लागल्यावर एलेन त्याला नवरी कोण ते सांगते.

दीद्रोकडे ही कथा सरायची मालकीण झाक हा नोकर आणि त्याचा मालक या प्रवाशांना सांगते, आणि मध्येमध्ये कोणीतरी तिला हाका मारत राहते. सत्य कळल्यावर मार्की (झाँच्या जागी असलेला उमराव) पंधरवडाभर निघून जातो, परततो, पाया पडणाऱ्या बायकोला क्षमा करतो. या सूडाने आपले भलेच झाले, असेही म्हणतो. त्यावर श्रोत्यांत वाद जुंपतो. डावात सामील असलेली मुलगी एकाएकी पश्चात्तापदग्ध कशी झाली, हा झाकच्या मालकाचा आक्षेप. लेखक तर पुढे सूड घेणाऱ्या बाईचीच वकिली करतो. वाचकाने डोळे पुसू नयेत, वाद घालावा, अशीच ही योजना.

ब्रेसाँने सराय, वाद आणि पंधरवडा तिन्ही काढून टाकले. मग मालकाच्या आक्षेपाला उत्तर चित्रपटातच द्यावे लागते. म्हणून आन्येस सुरुवातीपासून नाखूश आहे. ती पत्र लिहून सारे सांगू पाहते, पण झाँ ते वाचत नाही. शेवटच्या प्रसंगात ती नवरीच्या पोशाखात पलंगावर पडली आहे, हृदय दुबळे, शब्द जेमतेम फुटतात. झाँ तिला झुंज दे, थांब, असे विनवतो. ती थांबते म्हणते, आणि चित्रपट संपतो. ती जगते का, हे कळत नाही. याला सरळ ‘सुखान्त’ म्हणणारे जरा घाई करतात.

या प्रसंगात एलेन नाही. झाँ गाडी मागेपुढे करत निघायला धडपडत असताना खिडकीशी दिसतो तो तिचा चेहरा शेवटचा. तिचा डाव कुठेही चुकलेला नाही, तरी तो फसतो. ती शस्त्र म्हणून वापरते ते सत्य, म्हणजे आन्येसने पत्रातून देऊ केलेले आणि झाँने नाकारलेले तेच. दोघांमध्ये उरलेले एकमेव खोटे एलेन स्वतःच्या हाताने दूर करते. आरंभी एक मित्र तिला बजावतो की प्रेम असे काही नसते, असतात ते प्रेमाचे पुरावे. तो पुरावा अखेर मिळतो तो तिच्या प्रतिस्पर्धी स्त्रीला.

जे घडते ते सारे वर लिहिलेले असते, हे झाकचे पालुपद. निरीश्वरवादी दीद्रोने ते थट्टेत खेळवले; कॅथलिक वळणाच्या ब्रेसाँने, नाव न घेता, गंभीरपणे घेतले असे दिसते. त्यामुळे अनेक अभ्यासक या शेवटात ईश्वरी कृपेचा विषय पाहतात. शेवट भाबडा वाटत नाही याचे श्रेय मात्र श्रद्धेपेक्षा शैलीला द्यावे लागेल. संवाद कोरीव, भोवतालचे आवाज रोजचे. गाडीच्या काचेवरील वायपरच्या आवाजाने दीद्रोचा मजकूर सतराव्या शतकातील शोकांतिकाकार रासीनच्या नाटकासारखा होतो, असे समीक्षक आंद्रे बाझँने म्हटले होते.

एमान्युएल मूरे याने २०१८ मध्ये हीच उपकथा अठराव्या शतकातच ठेवून पडद्यावर आणली आणि चित्रपटाला नाव दिले ते सूड घेणारीचे नव्हे, त्या तरुण मुलीचे : मादमुआझेल द झाँकिएर.