मोबाईलले बी ऊन लागते काय?

मे महिन्यातलं लग्न. हिंगणघाटकडचं गाव, दुपारी साडेबाराचा मुहूर्त, शाळेच्या पटांगणात कापडी मांडव. नवरीचा भाऊ नोकरीमुळे पुण्यात अडकलेला, म्हणून त्याला व्हिडिओ कॉलवर लग्न दाखवायचं काम माझ्याकडे आलं होतं. तिसरं मंगलाष्टक संपता संपता स्क्रीन अंधूक झाली. चौथ्याला चित्र अडखळायला लागलं. पाचव्याला फोननं संदेश दाखवला की तापमान फार वाढलंय, थंड होऊ द्या, आणि कॉल तुटला. शेजारी बसलेल्या एक बाई म्हणाल्या, नवा फोन आहे, नजर लागली असेल, मीठ-मिरची ओवाळून टाका. नवरीचे मोठे बाबा मात्र माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, मोबाईलले बी ऊन लागते काय?"

लागतं. मोठे बाबांनी अगदी नेमका शब्द वापरला होता. माणसाला ऊन लागतं तेव्हा काय होतं? शरीरात उष्णता सतत तयार होत असते, ती बाहेर टाकायची वाट बंद होते आणि आतलं तापमान चढत जातं. फोनचंही तेच झालं होतं. मीठ-मिरचीचा त्यात काही संबंध नाही. उलट ओवाळण्यात जो वेळ गेला, तेवढा वेळ फोन आणखी उन्हातच राहिला.

हा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला, कारण आमच्या गावातल्या सेवा केंद्राच्या पोरानं त्याच आठवड्यात मला वेगळंच काही विचारलं होतं. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविम्याचे अर्ज, प्रवेशाचे फॉर्म, सगळं तो एका जुन्या डेस्कटॉपवर करतो. तो म्हणाला, "सर, आता फोनमध्ये कंप्युटरएवढीच ताकद आहे म्हणतात. डेस्कटॉप इकून टाकू काय?" जाहिरातीतलं ते वाक्य खोटं नाही, पण अर्धं आहे. चांगल्या फोनची चिप पहिली दोन-चार मिनिटं साध्या डेस्कटॉपला खरोखर गाठते, कधी मागेही टाकते. पण शंकरपटाची, म्हणजे शर्यतीची, बैलजोडी काही सेकंदांत दान मारते म्हणून तिला दिवसभर वखराला जुंपत नाही कोणी. फोन ही पटाची जोडी आहे. डेस्कटॉप वखराची. आणि हा फरक मेंदूचा नाही, उष्णता टाकण्याचा आहे.

आधी उष्णता येते कुठून ते पाहू. चिपमध्ये ट्रान्झिस्टर नावाचे सूक्ष्म स्विच असतात. आजच्या चांगल्या फोनच्या चिपमध्ये ते हजार कोटींहून अधिक आहेत. प्रत्येक स्विच चालू-बंद होताना थोडा विद्युतभार भरावा लागतो आणि मग सोडून द्यावा लागतो. विहिरीतून बादली वर ओढायची आणि वर आली की तिथंच ओतून द्यायची, असं हे काम. ओढायला लागलेली सगळी मेहनत शेवटी उष्णता होऊन जाते. आता यातली गंमत बघा. व्होल्टेज वाढवलं तर विहीर खोल होते, आणि त्याबरोबर बादलीही मोठी होते, कारण जास्त व्होल्टेजला जास्त भार मावतो. दोन्ही एकदम वाढतात, म्हणून खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. व्होल्टेज दुप्पट तर उष्णता चौपट. वरून सेकंदाला किती बादल्या ओढता, म्हणजे चिपचा वेग किती, त्यानं गुणायचं.

स्विचला भरभर हलायचं असेल तर व्होल्टेज जास्त लागतं. वेग कमी केला की कमी व्होल्टेजवर भागतं. समजा, वेग निम्मा केला आणि त्यामुळे व्होल्टेज १ वरून ०.७ वर आणता आलं. ०.७ चा वर्ग ०.४९, त्याचं निम्मं साधारण ०.२५. म्हणजे काम निम्मं झालं, पण उष्णता पावपट झाली. तापलेला फोन संथ होतो तो याच हिशेबानं. त्याला व्हायरस आलेला नसतो, तो बिघडलेलाही नसतो. आतला नियंत्रक तापमान मोजत असतो, आणि चिप जळू नये म्हणून मुद्दाम वेग उतरवतो. मांडवात स्क्रीन अंधूक झाली तीही त्यानंच केली, कारण पूर्ण उजेडातला स्क्रीन एकटाच बरीच वीज खातो.

फोनच्या चिपा मुळातच कमी खाणाऱ्या घराण्यातल्या आहेत. १९८५ साली इंग्लंडातल्या केंब्रिजमध्ये एकॉर्न नावाच्या कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी एआरएम या घराण्यातली पहिली चिप तयार केली. स्वस्त प्लॅस्टिकच्या वेष्टनात बसावी म्हणून ती एक वॅटच्या आत ठेवायची, एवढाच त्यांचा हेतू होता. २६ एप्रिलला चिप चालू झाली. पुढे फर्बर तिला लागणारी वीज मोजायला बसले, तर मीटरचा काटा शून्यावर. शोध घेतला तेव्हा कळलं, चिपला पुरवठ्याची वीज पोचतच नव्हती. बाकीच्या जोडण्यांमधून जी थोडी वीज झिरपत होती, तिच्यावर ती खुशाल चालत होती! आज जवळपास प्रत्येक स्मार्टफोनमध्ये त्याच घराण्याची चिप आहे. मला ही गोष्ट वर्गात सांगायला फार आवडते.

आता उष्णता जाते कुठे? मला वाटतं खरी मौज इथं आहे. कागद-पेन्सिल घ्या.

फोन साधारण १६ सेंटीमीटर लांब आणि साडेसात सेंटीमीटर रुंद. पुढची-मागची बाजू मिळून २४० चौरस सेंटीमीटर, म्हणजे ०.०२४ चौरस मीटर. स्थिर हवेत एखादी गरम वस्तू दर चौरस मीटरमागे, हवेपेक्षा जास्त असलेल्या प्रत्येक अंशामागे, साधारण १० वॅट उष्णता टाकते. म्हणजे आपला फोन दर अंशाला पाव वॅटपेक्षाही किंचित कमी, ०.२४ वॅट. हा आकडा लक्षात ठेवा.

मग फोनला किती तापू द्यायचं? चिप ९० अंशांपर्यंतही तग धरते. पण फोन हातात धरायचा, कानाला लावायचा असतो. ४३-४५ अंशांपुढचा फोन माणूस फार वेळ धरू शकत नाही, आणि आतल्या बॅटरीलाही ते सोसत नाही. म्हणजे फोनची मर्यादा तुमचा तळहात ठरवतो.

पाठ ४३ अंशांवर धरून हिशेब करू. हिवाळ्यात खोलीत २५ अंश असतील, तर फरक १८ अंशांचा, फोन ४.३ वॅट टाकू शकतो. व्हिडिओ कॉलला तीन-चार वॅट लागतात, मजेत भागतं. ३५ अंशांना फरक ८ चा, १.९ वॅट. आता ओढाताण सुरू झाली. ४२ अंशांना फरक फक्त एका अंशाचा, पाव वॅट. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो तेव्हा? उत्तर ऋण येतं. फोनमधली उष्णता बाहेर जायचं सोडा, हवेतलीच फोनमध्ये शिरते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे नवतपात पारा ४६-४७ ला टेकतो, तिथं तर विचारूच नका. हे सगळं सावलीतलं झालं. भर दुपारचं ऊन दर चौरस मीटरला जवळपास १,००० वॅट ओतत असतं. फोनची एक बाजू उन्हाकडे केली की १२ वॅट अंगावर येतात, आणि काळी काच त्यातले बहुतेक पिऊन टाकते. ३५ अंशांनाही टाकायची ऐपत दोन वॅटची आणि अंगावर येणारं ओझं बारा वॅटचं!

माणूस अशा वेळी घामानं वाचतो. पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं, म्हणून ४५ अंशांतही आपलं शरीर ३७ वर राहतं, माठातलं पाणी गार होतं आणि वाळ्याच्या ताट्यांचा कूलर चालतो. फोनला घाम येत नाही. काही महागड्या फोनांत वाफेची चपटी पेटी असते. तिच्यात थोडं द्रव एका टोकाला वाफ होतं आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा द्रव होतं. पण ती बंद पेटी आहे. उष्णता फोनभर पसरवते, बाहेर टाकत नाही.

डेस्कटॉपला हे बंधन नाही, कारण त्याच्या आतल्या भागाला कोणी हात लावत नाही. प्रोसेसरवरचं ॲल्युमिनियमचं पत्र्यापत्र्याचं रेडिएटर खुशाल ७० अंशांवर बसू शकतं. बाहेर ४५ असले तरी फरक २५ अंशांचा उरतोच. त्यात पत्र्यांमुळे पृष्ठभाग कित्येक पट, आणि पंख्याच्या वाऱ्यामुळे दर अंशाला निघणारी उष्णताही कित्येक पट. म्हणून ६५ वॅटचा प्रोसेसर भर उन्हाळ्यात सकाळी दहा ते संध्याकाळी सहा एका चालीनं चालतो.

चालतो, पण वाट मोकळी असेल तर. मागच्या डिसेंबरात सेवा केंद्राचा डेस्कटॉप अर्ज भरता भरता आपोआप बंद पडायला लागला. पोरगा म्हणे, विंडोज खराब झालंय. आम्ही बाजूचं झाकण काढलं. पंखा फिरत होता. त्याच्या खालचं रेडिएटर मात्र दिसेचना. पत्र्यांच्या फटींवर राखाडी नमद्यासारखा थर बसला होता, नखानं धरून ओढला तर अखंड निघून आला. चौकोनी, पंख्याएवढा, मध्ये आसाची गोल खूण. उजेडात धरला तेव्हा लांब पांढरे तंतू दिसले. कापूस! केंद्रापासून जिनिंग हाकेच्या अंतरावर आहे, हंगामात हवेत रुई उडत असते, आणि पंखा महिनोन्‌महिने ती ओढून पत्र्यांवर पिंजत बसला होता. रंगाच्या ब्रशनं फटी झाडल्या, तेव्हापासून मशीन बंद पडलं नाही. दसऱ्याला कॅबिनेटची पूजा करा, हळद-कुंकू वाहा, माझी काही हरकत नाही. पण जाळीवर गुलाल टाकू नका आणि मशीन चालू असताना त्यावर कापडी खोळ घालू नका.

मग डेस्कटॉपच थोर का? नाही. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, ती बांधावर उभं राहून करायची असते. पिकाचा फोटो हवा, उपग्रहांवरून ठरलेलं ठिकाण हवं. डेस्कटॉपला ना डोळा, ना आपण कुठं आहोत याचं भान. लाइन गेली की तो जागेवर मरतो, अर्धा भरलेला अर्ज घेऊन. फोन स्वतःची वीज खिशात घेऊन हिंडतो, आणि किती थोड्यात भागवतो ते पाहा. ५,००० एमएएचच्या बॅटरीत सुमारे १९ वॅट-तास असतात. फोन त्यावर दिवस काढतो. मॉनिटर धरून १०० वॅट खाणारा डेस्कटॉप तेवढ्यात बारा मिनिटंही चालणार नाही. म्हणून मी त्या पोराला सांगितलं, विकू नको. दिवसाला पन्नास अर्ज कीबोर्डवर बडवायचे असतील तर डेस्कटॉप लागेलच. ओटीपी तसाही फोनवरच येतो.

उन्हाळ्यात दोन गोष्टींना मात्र फसू नका. एक, 'फोन थंड करणारी' ॲप. ॲप म्हणजे आणखी एक काम, आणि प्रत्येक काम म्हणजे आणखी बादल्या. बर्फाचं चित्र दाखवून उष्णता कमी होत नाही. दुसरी, आठवडी बाजारात मिळणारे रेडिएशन अडवणारे स्टिकर. मोबाईलच्या लहरींमध्ये अणू-रेणू फोडण्याइतकी ताकदच नसते. आणि समजा, स्टिकरनं त्या खरोखर अडवल्या, तर टॉवरपर्यंत आवाज पोचावा म्हणून फोन अधिक जोरानं ओरडेल, म्हणजे जास्त वीज खाईल आणि जास्त तापेल. रेंज नसलेल्या शेतात बॅटरी लवकर उतरते आणि फोन गरम लागतो, त्याचं एक कारण हेच.

तापलेला फोन फ्रीजमध्येही ठेवू नका. गार फोन बाहेर काढला की दमट हवेतलं पाणी त्यावर, आणि कधी आतही, दवासारखं जमतं. लिथियम-आयन बॅटरी ४५ अंशांपुढे चार्ज करायची नसते, म्हणून पुष्कळ फोन त्या सुमाराला चार्जिंग स्वतःच थांबवतात. चार्जर बिघडला असं समजून नवा आणायला धावू नका. टिनाच्या खोलीत दुपारी, उशीखाली चार्जिंगला लावलेल्या फोनची बॅटरी लवकर म्हातारी होते. चार्जिंग पहाटे करा, कव्हर काढून.

मांडवात आम्ही एवढंच केलं. कव्हर काढलं, फोन बंद केला आणि जेवणाच्या पंगतीशेजारच्या मोठ्या कूलरसमोर, पाण्याचे शिंतोडे उडणार नाहीत इतक्या अंतरावर, खुर्चीच्या पाठीला टेकवून उभा ठेवला. तिथली हवा तिशीच्या आसपास असेल, शिवाय वाहती. मोठे बाबा शेजारी उभे राहून मधूनमधून फोनच्या पाठीला हात लावून पाहत होते, तापातल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा. दहाएक मिनिटांनी म्हणाले, "उतरला." मंगलाष्टकं हुकली, पण पोरानं बहिणीची पाठवणी पुण्यातून पाहिली.